साहेबांची फ्रेंड रिक्वेस्ट अकरा दिवस पडून आहे

निळी_शाई

नमस्कार. बरीच वर्षं रोमात आहे (नुसती वाचते, लिहीत नाही), धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

गेल्या महिन्यात नोकरी बदलली. नवे साहेब भले गृहस्थ आहेत, तक्रार काही नाही. अकरा दिवसांपूर्वी त्यांची फेसबुकवर फ्रेंड रिक्वेस्ट आली. मी ती स्वीकारली नाही, नाकारलीही नाही. रोज सकाळी ॲप उघडते, तो लाल आकडा बघते आणि बंद करते. लिफ्टमध्ये ते भेटले की मोबाइलमध्ये तोंड खुपसते. म्हणजे ज्या वस्तूने पंचाईत केली, तिच्याच आडोशाला.

भीतीचं कारण जुनं आहे. आधीच्या नोकरीत 'घरगुती कारण' लिहून दोन दिवसांची रजा घेतली होती. कारण खरंच घरगुती होतं, आईच्या तपासण्या होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी रिपोर्ट चांगले आले आणि हुश्श करून आम्ही सगळे मावशीकडे जमलो. मावसबहिणीने फोटो टाकला, मला टॅग केलं. फोटोत मी खो खो हसतेय. दुसऱ्या दिवशी मीटिंग सुरू व्हायच्या आधी तेव्हाचे बॉस सगळ्यांसमोर म्हणाले, "काय मग, झालं का घरगुती काम?" दोघंतिघं हसले. आईचे रिपोर्ट तिथे काढणं मला जमलं नाही, आणि नंतर एकटीने जाऊन खुलासा केला असता तर तो खोटाच वाटला असता.

दुसरी बाजूही आहे. लिंक्डइनवरचं माझं खातं म्हणजे ओसाड वाडा. फोटो कॉलेजातला. मुलाखतीत विचारलं, "तुमचं काम कुठे बघायला मिळेल?" तर दाखवायला काही नव्हतं. इन्स्टावर मात्र टोपणनावाने विडंबनं लिहिते, तिथे बऱ्यापैकी वाचक आहेत. थोडक्यात, जिथे दिसायला हवं तिथे मी नाही आणि जिथे दिसू नये तिथे टॅग होऊन झळकते.

तुम्ही कामाचं आणि घरचं वेगळं कसं ठेवता? दोन खाती? की एकच, आणि जे होईल ते होईल?

टवाळ_टाळकं

अकरा दिवस म्हणजे काळजी नको, अजून नोटीस पीरियडमध्येच आहात. (हलके घ्या.)

जुनं_खोड

ताई, यात एवढं काही नाही. स्वीकारा आणि लगेच 'रिस्ट्रिक्टेड' यादीत टाका. त्या यादीतल्या माणसाला तुमच्या फक्त पब्लिक पोस्ट दिसतात आणि आपण यादीत आहोत हे त्याला कळवलं जात नाही. स्वतःची जुनी पापं असतील तर 'लिमिट पास्ट पोस्ट्स' नावाचं बटण आहे, एका फटक्यात जुनं पब्लिक सगळं मित्रांपुरतं होतं. मग 'व्ह्यू ॲज' करून परक्याच्या नजरेने आपलं प्रोफाइल एकदा बघा. मी बघितलं तेव्हा २००९ सालचे माझे सुविचार बाहेर आले. घरात कुणाला सांगितलं नाही.

आणि आपल्याला टॅग केलेल्या पोस्टचा रिव्ह्यू सुरू करा. कुणी टॅग केलं की तुमच्या प्रोफाइलवर यायच्या आधी तुम्हाला विचारलं जातं.

पाचवी_खिडकी

जुनं_खोड, सगळं बरोबर, पण मूळ दुखणं राहिलंच. त्या रिव्ह्यूने तो फोटो निळी_शाई यांच्या प्रोफाइलवर आला नसता, एवढंच. मावसबहिणीच्या भिंतीवर तो होताच, आणि तिने पोस्ट पब्लिक ठेवली असेल तर बॉसना दिसणारच. किल्ली आपल्या खिशात असते असं आपण धरून चालतो. निम्म्या किल्ल्या नातेवाइकांकडे असतात.

यावर अभ्यासही झालाय. अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकातच मांडलं होतं की माणूस रंगमंचावर एक असतो आणि विंगेत दुसरा, आणि यात ढोंग काही नाही, जगण्याची रीतच ती आहे. पुढे डॅना बॉइड आणि ॲलिस मार्विक यांनी २०१० च्या सुमारास ट्विटर वापरणाऱ्यांचा अभ्यास केला. त्यात 'कॉन्टेक्स्ट कोलॅप्स' हा शब्द येतो. बॉस, मावशी, शाळेतला मित्र, गिऱ्हाईक हे एरवी वेगवेगळ्या खोल्यांत भेटणारे लोक इथे एकाच खोलीत कोंबले जातात आणि आपण बोलतो एकाशी, ऐकतात सगळे. तुमचं हसू मावशीच्या घरात हुश्श होतं. मीटिंग रूममध्ये तेच कामचुकारपणा झालं. फोटो तोच.

टवाळ_टाळकं

@पाचवी_खिडकी, म्हणजे विंगेत कॅमेरे लावलेत आणि कॅमेरामन मावसबहीण आहे. कळलं.

भिडस्त

मी उलट्या मताचा आहे. चौदा वर्षं एकच नाव, एकच चेहरा. भाषांतराचं काम स्वतंत्रपणे करतो. नियम दोनच: ज्यांच्याकडून पैसे येतात त्यांच्याबद्दल लिहायचं नाही आणि चिडलेलो असताना लिहायचं नाही. बाकी बागेतली झाडं, कामात अडलेले शब्द, पुतण्याचे विनोद, सगळं एकत्र.

लिंक्डइनवर 'मी कोण' हे लिहायला मला आजही लाज वाटते. पण 'आज काय अडलं' हे लिहायला वाटत नाही. एकदा एका यंत्राच्या माहितीपुस्तिकेत एक शब्द होता, ज्याचा अर्थ चित्राशिवाय लागत नव्हता आणि चित्र गिऱ्हाईक देत नव्हतं. शेवटी तो सुटला कसा, यावर पंधरा ओळी लिहिल्या. नऊ लाइक आले, त्यातले दोन घरचे. तीन वर्षांनी एका अनोळखी बाईंनी त्याच पोस्टचा उल्लेख करून काम दिलं, आजही देतात. तेव्हा निळी_शाई, ओसाड वाड्यात झुंबरं लावायची गरज नाही. केलेलं एक काम नीट सांगा, महिन्यातून एकदा सांगितलं तरी पुष्कळ झालं. आणि आधी तो कॉलेजातला फोटो बदला हो.

टवाळ_टाळकं

लिंक्डइनसाठी नमुना, चकटफू:

"आज लिफ्ट अडकली. आत आम्ही सहा जण. पाच जण अलार्म दाबत होते. मी नेतृत्व करत होतो. सहमत असाल तर कमेंट करा."

बदलीच्या_वाटेवर

हसून पुरेवाट. धाग्याशी संबंधित एक शंका: लिंक्डइनवर 'ओपन टू वर्क' (म्हणजे 'नोकरी शोधतोय') हे फक्त रिक्रूटरना, म्हणजे नोकरभरती करणाऱ्यांना, दिसेल असं ठेवता येतं ना? मग आपल्या कंपनीला कळत नाही, बरोबर?

जुनं_खोड

अर्धं बरोबर. फोटोभोवतीची हिरवी चौकट लावली तर जगाला दिसतं. 'फक्त रिक्रूटर' निवडलं तर तुमच्या कंपनीच्या रिक्रूटरना दिसू नये अशी खटपट लिंक्डइन करतं, पण पूर्ण गुप्ततेची हमी देत नाही, तसं तिथे लिहिलेलंच आहे. शिवाय रिक्रूटर लोक एकमेकांचे दोस्त असतात.

आणखी एक. प्रोफाइल दुरुस्त करायच्या आधी 'बदल नेटवर्कला कळवा' हे बंद करा. सात वर्षं झोपलेलं प्रोफाइल एका रात्रीत चकचकीत झालं की शेजारच्या टेबलाला जे कळायचं ते कळतंच.

घडीमोड

मी शाळेत शिकवते. दोन खात्यांवर माझा फार विश्वास होता. टोपणनाव घेतलं, फोटो ढगांचा लावला. तिसऱ्या दिवशी आठवीतला एक मुलगा वर्गाबाहेर थांबून विचारतो, "टीचर, ते ढग तुम्हीच काढले का?"

झालं असं की खातं उघडताना मी नेहमीचाच मोबाइल नंबर दिला. त्या मुलाच्या आईच्या फोनमध्ये माझा नंबर शाळेच्या कामासाठी साठवलेला होता आणि मुलगा आईचाच फोन वापरतो. ॲपला कॉन्टॅक्ट्स वाचायची परवानगी दिलेली असली की ते इमानेइतबारे सुचवतं, 'तुम्ही यांना ओळखत असाल'. मी माझ्या फोनवर काय बंद केलंय याला काही किंमत नाही, समोरच्याने पत्त्यांची वही ॲपच्या हातात दिली की झालं.

तेव्हा निळी_शाई, विडंबनांचं खातं कशावर उघडलंय ते आज रात्री तपासा. वेगळा ईमेल हवा, नंबर नको, 'फोन नंबरवरून मला शोधता येईल' असा पर्याय दिसला तर तोही बंद. आणि सगळीकडे एकच आयडी घेऊ नका. लोक नाव लपवतात आणि तेच टोपणनाव चार ठिकाणी मिरवतात, मग शोधायला काही लागत नाही.

निळी_शाई

घडीमोड ताई, पोटात गोळा आला. नंबरवरच उघडलंय.

आळशी_ससा

मी एका संस्थेची सोशल मीडियाची खाती सांभाळतो, म्हणजे माझ्याकडे दुप्पट पापं आहेत.

पहिलं पाप. रात्री दीडला झोप येईना म्हणून माझ्या खात्यावर लिहिलं, "कुणी जागं आहे का? फार एकटं वाटतंय." सकाळी कळलं की ते संस्थेच्या खात्यावरून गेलं होतं. खाली चाळीसेक लोकांनी संस्थेची मनापासून विचारपूस केली होती. एका आजोबांनी लिहिलं होतं, "संस्था मोठी झाली की असं होतं."

याची थोर परंपरा आहे. २०११ च्या फेब्रुवारीत अमेरिकन रेड क्रॉसच्या अधिकृत खात्यावरून एका कर्मचाऱ्याचं बिअर पिण्याबद्दलचं खासगी ट्विट गेलं होतं. त्यांनी आरडाओरडा केला नाही. ट्विट काढलं, आणि रेड क्रॉस शुद्धीवर आहे, गाडीच्या किल्ल्या काढून घेतल्यात, अशा अर्थाचं दुसरं टाकलं. लोक हसले आणि विषय मिटला, उलट देणग्या आल्या. आमच्याकडे मात्र तीन मीटिंगा झाल्या.

तेव्हापासून संस्थेची खाती माझ्या फोनवर नाहीत. ऑफिसच्या संगणकावर, वेगळ्या ब्राउझरमध्ये. रात्री दीडला चुकायचंच असेल तर उठून ऑफिसला जावं लागेल, आणि तेवढा उत्साह असता तर मी ससा आळशी कशाला झालो असतो.

दुसरं पाप जास्त महागात पडलं. फेसबुक पेज कुणाच्या तरी खासगी खात्यावरून चालवावं लागतं. आमच्या पेजचा ॲडमिन एकटा मी. माझं खातं कुणीतरी हॅक केलं आणि लॉक झालं, त्याबरोबर पेजही गेलं. परत मिळायला पाच आठवडे लागले. ज्या कुणाकडे ऑफिसचं पेज आहे त्याने आज दुसरा ॲडमिन नेमा आणि दोघांनीही टू-फॅक्टर (पासवर्डनंतर आणखी एक कोड) लावा, जमलं तर एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर ॲपवर.

रातकिडा

"संस्था मोठी झाली की असं होतं" :D :D वाचनखूण साठवली.

घनचक्कर

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

पाचवी_खिडकी

> आमच्या तेरा जणांच्या टीममधले एक सर दर सोमवारी स्वतःचाच पॉडकास्ट सगळ्यांना ऐकवतात आणि मग कसा वाटला ते क्रमाने विचारतात

घनचक्कर, तेरा जण, सोमवार, पॉडकास्ट. आणि तुमच्या इथल्या प्रोफाइलवर व्यवसाय आणि गाव दोन्ही आहे. तुमच्या टीममधल्या कुणी हे वाचलं तर ओळखायला किती सेकंद लागतील? काळजीपोटी विचारतेय.

घनचक्कर

अरे बापरे. संपादकांना सांगून उडवून घेतला. आभार.

टवाळ_टाळकं

पण वर अवतरण राहिलंय की.

पाचवी_खिडकी

अर्र. खाली उत्तर आल्यामुळे मला आता संपादन करता येत नाही. संपादकांना व्यनि (खासगी निरोप) केलाय.

जुनं_खोड

याचीच उलटी गोष्ट युरोपात झाली. स्पेनमधल्या एका गृहस्थांचं नाव शोधलं की १९९८ सालच्या वर्तमानपत्रातल्या त्यांच्या थकबाकीपायी निघालेल्या लिलावाच्या नोटिसा वर यायच्या. बाकी केव्हाच फिटलेली. ते गूगलविरुद्ध थेट युरोपीय न्यायालयापर्यंत गेले आणि मे २०१४ मध्ये जिंकले. निकाल असा की नावाने शोधल्यावर ते दुवे दाखवायचे नाहीत. वर्तमानपत्रातलं पान मात्र जागेवर राहिलं. आणि 'विसरलं जाण्याचा हक्क' मिळवणारा माणूस म्हणून त्यांचं नाव आज कायद्याचे विद्यार्थी पाठ करतात.

व्हॉट्सॲपचंही तसंच. 'सगळ्यांसाठी डिलीट' आलं २०१७ मध्ये, तेव्हा सात मिनिटं मिळायची. आता दोन दिवसांहून जास्त मिळतात. पण 'हा मेसेज डिलीट केला आहे' अशी पाटी मागे उरतेच, आणि ग्रुपवर त्या पाटीइतकं लक्षपूर्वक दुसरं काही वाचलं जात नाही.

पाचवी_खिडकी

२०१३ चा तो विमानातला किस्सा आठवतो का कुणाला? जनसंपर्काचं काम करणाऱ्या एका बाईंनी लंडनहून केपटाउनला निघताना एक घाणेरडा विनोद ट्विट केला. फॉलोअर होते सुमारे १७०. अकरा तासांनी विमान उतरलं तोवर ट्विट जगभर गेलेलं, पाठोपाठ नोकरीही गेली. ज्यांचं कामच लोकांशी काय बोलावं हे ठरवणं, त्यांची ही गत.

भिडस्त

ते उदाहरण प्रत्येक चर्चेत येतं आणि दर वेळी त्याने दोन माणसं गप्प होतात. विनोद वाईट होता, मान्य. पण आपल्यापैकी बहुतेकांचा खरा प्रश्न जग वाचतंय हा नाहीच, कुणी वाचत नाही हा आहे. निळी_शाईंना मुलाखतीत दाखवायला काही नव्हतं, हे नुकसान रोजचं आहे, फक्त त्याची बातमी होत नाही. इतकं घाबरून राहिलो तर सगळे मिळून माहितीपत्रकं बनू.

पाचवी_खिडकी

हा मुद्दा मान्य. पण भिडस्त, तुम्ही स्वतःचे मालक आहात. तुम्हाला मीटिंगमध्ये कुणी "झालं का घरगुती काम" विचारणार नाही. एकच चेहरा घेऊन फिरणं सगळ्यांना परवडत नाही.

भिडस्त

हं. याचा मी विचार केला नव्हता खरा.

रातकिडा

सगळे 'कोण बघतं' यावर बोलतायत. आपण किती बघतो त्याचं काय? माझं ऑफिस सहाला सुटतं आणि लिंक्डइन रात्री साडेबाराला. बरोबरच्या कुणाला बढती मिळाली, की पांघरुणात माझी मान दुखायला लागते. संपता संपत नाही अशी ती यादी, इन्फिनिट स्क्रोल, २००६ मध्ये एझा रास्किन नावाच्या डिझायनरने काढली आणि पुढे त्याने जाहीरपणे पश्चात्तापही केला. त्याचा पश्चात्ताप माझ्या मानेपर्यंत पोचलेला नाही. सध्या ॲप काढून टाकलंय, फक्त ब्राउझरवरून बघतो. पासवर्ड दर वेळी टाकावा लागतो. निम्म्या वेळा कंटाळा येऊन झोपतो.

उंबरठा

थोडं अवांतर आहे, पण कुठे लिहावं कळत नव्हतं.

माझ्या शेजारच्या टेबलावरचा सहकारी दोन वर्षांपूर्वी अचानक गेला. दरवर्षी ठरलेल्या महिन्यात लिंक्डइन मला सांगतं, त्याचं अभिनंदन करा, कंपनीत इतकी वर्षं झाली. या वर्षी चौदा जणांनी केलं. तयार वाक्यावर बोट ठेवलं की झालं, माहीत नसणार कुणाला. एकाने पुढे स्वतःहून लिहिलं होतं, "असाच पुढे जात राहा."

शेवटी मी शोधून काढलं. निधनाची माहिती दिली की लिंक्डइन खातं बंद करतं किंवा स्मृतिरूपात ठेवतं. फेसबुकवर तर २०१५ पासून आपण हयात असतानाच वारस नेमता येतो, आपल्या मागे खातं बघायला. मी बायकोला नेमलंय. तिने विचारलं, "पासवर्ड पण देशील का?" म्हटलं, तो नाही.

घडीमोड

उंबरठा, चटका बसला वाचून.

टवाळ_टाळकं

आता मलाही काही सुचत नाहीये. निळी_शाई, रिक्वेस्टचं काय झालं ते तरी सांगा. आज सतरावा दिवस असेल.

निळी_शाई

सगळ्यांचे मनापासून आभार. एकेक करत गेले.

विडंबनांच्या खात्यावरचा नंबर त्याच रात्री काढला, वेगळा ईमेल दिला. कुणाकुणाला आधीच सुचवून झालं असेल देव जाणे. लिंक्डइनवरचा फोटो बदलला, नेटवर्कला न कळवता. भिडस्त म्हणाले तसं एका कामाबद्दल बारा ओळी लिहिल्या. सहा लाइक. घरचे शून्य, कारण घरचे तिथे नाहीत, आणि हे मला फार आवडलंय. मावसबहिणीला फोन करून सांगितलं की फोटो टाक, टॅग नको. ती आधी रुसली. मग मीटिंगचा किस्सा पहिल्यांदाच तिला सांगितला, तर रडायलाच लागली. तिला बिचारीला काही माहीतच नव्हतं.

आता साहेब. रिस्ट्रिक्टेडचा उपाय चांगला होता, पण रोज ज्यांच्याशी बोलायचं त्यांना दार उघडून आत पडदा लावायचा, हे मनाला पटेना. काल लिफ्टमध्ये ते आणि मी दोघंच. म्हटलं, "सर, फेसबुकवर मी फक्त घरचीच माणसं ठेवते. लिंक्डइनवर ॲड केलं तर चालेल का?" ते क्षणभर गप्प. मग म्हणाले, "बरं झालं बोललात. टीममधल्या एकाने मला रिक्वेस्ट पाठवली, ती घेतली. मग बाकीच्यांना वाईट वाटू नये म्हणून सगळ्यांना पाठवत सुटलो. आता माझ्या मुलीच्या नाचाच्या व्हिडिओखाली अख्खा विभाग टाळ्या वाजवतो आणि ती माझ्याशी बोलत नाही." चौथा मजला येईपर्यंत त्यांनी मला विचारून घेतलं, ती 'रिस्ट्रिक्टेड' यादी नक्की कुठे सापडते.

जुनं_खोड

सेटिंग्जमध्ये 'ब्लॉकिंग' खाली. माझा नमस्कार सांगा.

टवाळ_टाळकं

शेवट गोड. आता त्या विडंबनांच्या खात्याचं नाव सांगा, आम्हीही वाचू.

निळी_शाई

नाही सांगणार. पण तुम्ही ते दोन वर्षं फॉलो करताय. सगळीकडे एकच आयडी घेऊ नका असं घडीमोड ताईंनी वर लिहिलंय, ते एकदा वाचा.